सुईतलं अंडं

"अंडं?"

अण्णा असे ताडकन उठले, की बाकाचं दुसरं टोक खाली गेलं आणि त्यावर बसलेला खलाशी जमिनीवर येता येता वाचला.

"आमच्या घरात, डॉक्टर, सात पिढ्यांत अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि तुम्ही मला विचारता, मुलीला अंड्याचा त्रास होतो का?"

"म्हणजे नाही," डॉक्टर म्हणाले. मान वर न करता त्यांनी हातातल्या कागदावर फुली मारली. "पुढचं नाव?"

ती मुलगी म्हणजे माझी नणंद हेमा. माझ्या शेजारीच बसली होती. प्रश्न तिच्याबद्दलचा, सुई जायची ती तिच्या दंडात, पण डॉक्टरांनी विचारलं अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आणि उत्तर दिलं तेही अण्णांनीच. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पदराखाली तिनं माझा हात धरला होता, तो एकदम घट्ट झाला, एवढंच.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि हेमा एकवीसची. जानेवारीत तिचं लग्न झालं होतं. नवरा श्रीधर परचुरे नायजेरियात एका कापडगिरणीत इंजिनियर होता. लग्नाची रजा संपल्यावर तो पुढं गेला आणि मागून हिचं विमानाचं तिकीट आलं. मिरजेत आमच्या आळीतून परदेशी जाणारी ती पहिलीच मुलगी. आळीतल्या बायका विरजण मागायच्या निमित्तानं यायच्या आणि तिच्या नव्या सुटकेसवरून हात फिरवून जायच्या. हेमानं तर भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावला होता. भाजी निवडता निवडता मध्येच उठायची आणि त्यावर बोट ठेवून म्हणायची, "वहिनी, मी इथं असेन."

तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला हवा, त्याशिवाय विमानतळाबाहेर सोडत नाहीत, असं तिकीट काढून देणाऱ्यांनी कळवलं होतं. अण्णा आमच्या घरच्या डॉक्टरांना विचारून आले. "टोचून घ्यावी लागते म्हणाले. घेऊन टाकू," एवढंच त्यांनी घरात सांगितलं. लस कशाची असते, कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये, हे ना यांनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. दोघंही शिकलेले. एक कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार आणि दुसरे एम. बी. बी. एस.

ही लस मिरजेत मिळत नव्हती म्हणून मुंबईला यावं लागलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा मुलीच्या सोबतीला बाईमाणूस म्हणून माझी निवड झाली. उतरलो होतो श्रीधरच्या काकांकडं, नानासाहेब परचुऱ्यांकडं. तेही केंद्रावर आमच्याबरोबर आले. लांब कोट, कडक इस्त्रीचं धोतर आणि भर उन्हाळ्यात हातात मिटलेली छत्री. मुलाकडची बाजू म्हणून त्यांचा मान मोठा. टॅक्सीतसुद्धा पुढच्या सीटवर ते आणि मागं आम्ही तिघं.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. दोन बाक, एक टेबल, आणि कोपऱ्यात स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत ठेवलेल्या. त्या वाफेला स्पिरिटचा वास मिसळला की मला अजूनही ती खोली आठवते. लसीची कुपी एकदा फोडली की तासाभरात संपवावी लागायची, म्हणून पुरेशी माणसं जमेपर्यंत ती फोडत नसत. सकाळपासून आम्ही माणसं जमायची वाट बघत बसलो होतो. बहुतेक सगळे बोटीवरचे खलाशी होते. एक तो बाकावरचा, दाभोळचा, दाढी मेंदीनं रंगवलेला. दुसऱ्या कुठल्या ना कुठल्या लसीसाठी त्याचा दर दोन-चार वर्षांनी इथं फेरा असायचा.

तोच आता बाकावर परत सावरून बसत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी रोज चार अंडी खातो. मला काय त्रास नाय. पण लस टोचायची तर अंड्याचं कशाला विचारता?"

"कारण लस अंड्यात तयार होते," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीच्या अंड्यात वाढवतात ती. थोडा अंश राहतोच."

खोलीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अण्णा मात्र जिथं उभे होते तिथंच हळूहळू खाली बसले.

"नानासाहेब, ऐकलंत?"

"ऐकलं."

"अंड्यातून काढतात."

"अण्णासाहेब, श्रीधरनंही टोचून घेतलीच असणार," नानासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "आपल्याला माहीत नव्हतं इतकंच."

अण्णांनी डोळे मिटले. घरात कुठलाही प्रसंग आला की ते असे डोळे मिटायचे आणि उघडले की निकाल द्यायचे. शिरस्तेदाराच्या खुर्चीत बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे निकाल ऐकले होते, स्वतःचे ते घरी देत.

"पोटात जात नाही," डोळे उघडून ते म्हणाले. "जिभेला लागत नाही. दंडातून जातं. आणि औषधाला दोष नाही. आसवात मद्य असतंच की, म्हणून आपण आसव सोडलं का? घरी गेल्यावर हेमा गोमूत्र घेईल, एक उपास करील. विषय संपला."

"वा!" नानासाहेबांनी छत्री जमिनीवर टेकवली. "अगदी शास्त्राला धरून बोललात."

खलाशी माझ्याकडं झुकला आणि हळूच म्हणाला, "ताई, कोंबडीला विचारलं का पण कुणी?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर भुसावळ उभं होतं.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. भुसावळच्या रेल्वेच्या चाळीत आम्ही वाढलो. जातीनं आम्ही सासरच्यांसारखेच, पण रात्रीअपरात्री गाडीवरून येणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली आणि मग ती घरात येऊ लागली. घरात म्हणजे परसात. वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा, वेगळ्या ताटल्या. आईचे देव बाटत नव्हते आणि आमची पोटं भरत होती. लग्न ठरताना हे कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

हेमाच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी मी तिला उन्हाळ्याच्या सुटीत माहेरी घेऊन गेले होते. माझे भाऊ परसात ऑम्लेट खात होते. कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेलं, कडेनं कुरकुरीत झालेलं. हेमा दारात उभी राहून बघत राहिली आणि मग म्हणाली, "मला द्याल एवढंसं?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, दे. त्यात मी काही वावगं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तिनं दोन घास खाल्ले असतील. तिसरा हातातच राहिला. आधी ओठ सुजले. मग मानेवर, छातीवर गांधी उठल्या. मग ती श्वास घ्यायला लागली आणि तो आत जाईना. शीळ वाजावी तसा आवाज तिच्या गळ्यातून यायला लागला. माझ्या भावानं तिला खांद्यावर टाकलं आणि रेल्वेच्या दवाखान्यात पळाला. त्यांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास मोकळा झाला. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या मुलीच्या तोंडाला पुन्हा अंडं लागता कामा नये. या वेळी दवाखाना जवळ होता."

मिरजेला आम्ही सांगितलं, मधमाशी चावली. तेवढं पुरलं.

आता मी हेमाच्या कानाशी लागले. "सांग त्यांना."

"नको."

"हेमे, त्यात अंडं आहे. ऐकलंस ना?"

"थोडंसंच असेल गं." ती समोर बघत बोलत होती, ओठ न हलवता. "त्या दिवशी खाल्लं होतं. हे दंडातून जातंय. अण्णाच म्हणाले ना."

"अण्णा काय डॉक्टर आहेत?"

"वहिनी, नानासाहेब बसलेत तिथं." आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांच्यासमोर कळलं तर संपलं. मला नेणारच नाहीत. मी मिरजेतच राहीन, अंडं खाल्लेली, नवऱ्यानं न नेलेली. त्यापेक्षा टोचू दे. काही होणार नाही."

"आणि झालं तर?"

तिनं पदरानं डोळे पुसले. माझा हात मात्र सोडला नाही.

मी उठले आणि टेबलाशी गेले. चारचौघांत नको, हळूच सांगून बघावं असा विचार होता.

"डॉक्टर, जरा बोलायचंय. बाजूला याल का?"

"नंबर आला की बोला."

"मला टोचायचं नाहीये. माझ्या नणंदेबद्दल—"

"कोण पेशंट? हेमलता परचुरे?" त्यांनी कागद पाहिला. "त्यांचं झालंय सगळं. वडिलांनी दिलीय माहिती."

"ती बरोबर नाहीये."

"बाई, वडिलांनी दिलीय," डॉक्टर म्हणाले, जसं काही मला नीट ऐकू येत नसावं. "रांगेत बसा. सिस्टर, किती झाले? झाले पुरेसे? मग फोडा."

टेबलावर काचेचा एक बारीकसा आवाज झाला. कुपी फुटली. आता तासाभरात ती संपायलाच हवी होती आणि खोलीतले सगळे जण एकाएकी घाईत आले.

मी परत बाकाशी आले तेव्हा अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरांशी काय बोलत होतीस? विचारायचं ते मी विचारीन."

"मग विचारा ना, अण्णा. विचारा, की ज्यांना अंडं सोसत नाही त्यांना लस टोचली तर काय होतं."

"आपल्याला काय करायचंय ते?"

सांगायला मी त्यांच्याकडं वळले. नानासाहेब माझ्याकडंच बघत होते. आणि हेमानं पदराखाली माझा हात इतका आवळला, की बांगडी रुतली.

रांग सरकत होती. खलाशी एकामागून एक दंड पुढं करत होते, टेबलावरचा पिवळा दाखला उचलत होते आणि निघून जात होते. मेंदीच्या दाढीवाल्याचा नंबर हेमाच्या मागं होता. हेमाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. अण्णा तिच्या एका बाजूला, नानासाहेब दुसऱ्या बाजूला. लग्नात तिला बोहल्यावर नेलं तेव्हाही हे असेच चालले होते.

"बाही वर," डॉक्टर म्हणाले.

ब्लाउजची बाही तिनं वर सरकवली. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा फिरवला. डॉक्टरांनी सिरिंज उजेडाकडं धरली आणि सुईच्या टोकावर एक थेंब आला.

तो थेंब मला आजही दिसतो. पाण्यासारखा स्वच्छ होता.

मी पुढं झाले आणि हेमाच्या दंडावर, त्या ओल्या जागेवर, माझा तळवा ठेवला.

"टोचू नका."

"हात काढा, बाई."

"हिला अंडं सोसत नाही. घसा सुजतो, श्वास बंद पडतो. एकदा झालंय. दवाखान्यात न्यावं लागलं होतं."

स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता. डॉक्टर माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. ते अण्णांकडं वळले.

"मघाशी तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच म्हणतोय. ही काय बोलते आहे मला ठाऊक नाही."

"कधी झालं होतं?" हेही अण्णांनाच.

"झालेलंच नाही!"

"बाई, वडील नाही म्हणताहेत."

"वडील तिथं नव्हते."

"तुम्ही कोण हिच्या?"

"भावजय."

"म्हणजे वडिलांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत?"

"हो."

आता नानासाहेब पुढं आले. "एक मिनिट. एक मिनिट. म्हणजे आमची सून अंडी खाते?"

"खात नाही, नानासाहेब. खाऊ शकत नाही. तेच तर सांगते आहे."

"पण खाल्ल्याशिवाय कळलं कसं?"

खलाशांपैकी कुणीतरी हसलं. अण्णांचा चेहरा तांबडालाल झाला. "शैलजा! तुझ्या माहेरचे प्रताप इथं सांगायची गरज नाही."

"कुपी फुटलीय," डॉक्टर म्हणाले. "मागं माणसं थांबलीत. टोचायचं की नाही, एक काय ते तुम्ही लोक ठरवा."

ठरवा! भाजी घ्यायची की नाही ते ठरवा म्हणावं, तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, त्या सहा वर्षांत मी घरातल्या पुरुषांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या खोलीत चढवला.

"आम्ही लोक काय ठरवणार? तिला विचारा! अहो, गळा तिचा आहे, जीव तिचा जाणार आहे. आल्यापासून एकानं तरी तिला एक प्रश्न विचारलाय का? ती काय गाठोडं आहे, वर शिक्का मारून पाठवायला?"

तेव्हा कुठं डॉक्टरांनी हेमाकडं पाहिलं. पहिल्यांदाच. मला वाटतं त्यांना जरा आश्चर्यच वाटलं, की दंडाच्या वर चेहरा आहे.

"खाल्लं होतंस?"

हेमानं अण्णांकडं पाहिलं. मग नानासाहेबांकडं.

"हो."

"किती?"

"दोन घास."

"कुणी बळजबरीनं दिलं असेल," नानासाहेब म्हणाले आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. त्यांच्या परीनं त्यांनी तिच्यासाठी दार उघडून दिलं होतं. ती नुसती मान हलवती, तरी सगळं माझ्या अंगावर येऊन ती सुटली असती. मी मनात म्हटलं, हलव बाई, हलव मान. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"नाही," हेमा म्हणाली. "मी मागून घेतलं होतं. मला आवडलं होतं."

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

मग त्यांनी तिला सगळं विचारलं. किती वेळानं सुजलं, आधी काय झालं, कोणतं इंजेक्शन दिलं. तिनं एकेक नीट सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा आवाज बदलला. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," ते शेवटी मला म्हणाले.

"मी आले होते टेबलाशी. तुम्ही रांगेत बसायला सांगितलंत."

त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. प्रकृतीच्या कारणानं या बाईंना ही लस देता येत नाही, असं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, सही-शिक्का केला आणि ते अण्णांच्या नव्हे तर हेमाच्या हातात दिलं. "हे चालतं. तिकडच्या वकिलातीला आधी दाखवून घ्या. पण लस नाही म्हणजे डासांपासून जपायचं. मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही, लांब बाह्यांचं घालायचं. आणि पुन्हा कुणीही सुई घेऊन आलं, की आधी तुम्ही बोलायचं. तुम्ही स्वतः. कळलं?"

हेमानं मान हलवली. मागून मेंदीची दाढी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तिच्या वाटचं मला द्या. मला सोसतं." या वेळी सिस्टरसुद्धा हसली.

बाहेर फुटपाथवर ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं होतं, आता तरी अण्णा तिला जवळ घेतील. निदान विचारतील, बाळ, खूप त्रास झाला होता का गं? एकुलती एक मुलगी होती त्यांची.

"कुठल्या ताटात खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"अण्णा—"

"तू मध्ये बोलू नकोस. हेमा, ताट वेगळं होतं की घरातलं? आणि नंतर आमच्या देवघरात कधी गेलीस? मध्ये स्नान झालं होतं?"

"अण्णा, ती मरता मरता वाचली होती!"

"ते वेगळं."

"काय वेगळं? मघाशी सुईतलं अंडं चाललं. नायजेरियाचा जावई आहे, विमानाचं तिकीट आहे, म्हणून अख्खी कोंबडी दंडातून घातलेली चालली असती. आणि पोरीनं दोन घास आवडीनं खाल्ले ते चालत नाहीत?"

"ते औषध होतं," अण्णा म्हणाले. "हे चोचले होते."

नानासाहेब आमच्यापासून चार हात अंतरावर उभे होते. आता त्यांनी घसा साफ केला. "अण्णासाहेब, मला हे वहिनींच्या कानावर घालावं लागेल. म्हणजे श्रीधरच्या आईच्या. त्या सोवळ्याच्या किती कडक आहेत तुम्हाला माहीत आहे. त्या काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही. जाणं कदाचित... पुढं ढकलावं लागेल."

हेमा उन्हात उभी होती. एक बाही अजून वरच सरकवलेली, हातात ते पत्र. ती रडत नव्हती. भिंतीवरच्या नकाशावर ती जिथं बोट ठेवायची ती जागा कुणीतरी खोडून टाकत होतं आणि ती बघत होती.

अण्णांनी डोळे मिटले. भर फुटपाथवर, टॅक्स्यांच्या आवाजात. बराच वेळ ते उघडले नाहीत.

"नानासाहेब," ते म्हणाले, "तुम्ही याचा उलटा अर्थ लावताय."

"उलटा कसा?"

"सात पिढ्यांचं शुद्ध रक्त आहे आमचं. पोरीनं अजाणतेपणी अंडं खाल्लं, पण देहानं ते घेतलं का? नाही घेतलं. दोन घासांत नाकारलं. अहो, जगात इतकी माणसं खातात, कुणाला काही होत नाही. हिचाच देह का पेटून उठला? तुमच्या पाहण्यात आहे असं दुसरं घराणं?"

नानासाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तसं पाहिलं तर... नाही."

"मुलगी बाटली नाही. मुलीच्या देहानं साक्ष दिली. हे असं सांगा तुमच्या वहिनींना."

"हे मात्र खरंय," नानासाहेब हळूहळू म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हे असं सांगता येईल."

मी एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिले. ज्या दुखण्यानं पोरीचा जीव जाणार होता, ते दुखणं एका मिनिटात घराण्याचा मान होऊन बसलं. मला राहवलं नाही.

"अण्णा, मी लहानपणापासून अंडी खातेय. मला तर कधीच काही झालं नाही."

अण्णांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि टॅक्सीला हात केला.

हेमा एप्रिलमध्ये नायजेरियाला गेली. पत्र चाललं, कुणी अडवलं नाही. मच्छरदाणी मी शिवून दिली होती. इकडं अण्णांनी माझ्या हातचा नैवेद्य बंद केला. पूजेचं पाणी, सोवळ्यातला स्वयंपाक, सगळं गुडघे धरून सासूबाईच करायच्या आणि मी दाराबाहेर बसून नारळ खवून द्यायची. "जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे," माझा नवरा म्हणायचा. अण्णा तेव्हा साठीचेही नव्हते.

पुढं बावीस-तेवीस वर्षांनी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन केलं. मिरजेतलंच कार्यालय घेतलं होतं. हेमा दोन्ही मुलांना घेऊन आली होती, अंगानं भरलेली, केस आखूड कापलेले, चष्मा लावलेला. जेवणाआधी कुणीतरी अण्णांच्या हातात माइक दिला. त्यांना ऐकू कमी येत होतं, पण आवाज खणखणीत होता. त्यांनी लसीची गोष्ट काढली. ती ते प्रत्येक समारंभात सांगायचे, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडायची. त्या दिवशी ती अशी झाली, की डॉक्टर सुई खुपसणार एवढ्यात अण्णांनीच पुढं होऊन त्याचा हात धरला आणि म्हणाले, थांबा, आमच्या रक्ताला अंडं सोसत नाही.

"सात पिढ्यांचं रक्त!" अण्णा म्हणाले. "पोरीच्या देहानंच ते झिडकारलं." टाळ्या पडल्या.

मी त्यांच्या खुर्चीमागं त्यांची शाल सावरत उभी होते. हेमा पहिल्या रांगेत होती. टाळ्या ओसरल्या तशी ती उठून त्यांच्यापुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, मला आवडलं होतं."

अण्णांनी कान पुढं केला. "काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा सुटा सांगितला. "हेमा म्हणतेय, तिला आवडलं होतं."

या वेळी त्यांना नीट ऐकू आलं. त्यांनी हेमाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तिला कुणी विचारलंय?" अण्णा म्हणाले.

माइक चालू होता. सगळ्या कार्यालयानं ऐकलं.